मागच्या भिंतीजवळची खुर्ची

सेंट ऑडील, लुइझियाना
२७ फेब्रुवारी १९९८

प्रिय जेनेल,

तुला आठवतो का गं तो टीपकागद? तू पाच वर्षांची होतीस. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आपण माझ्या घरी आलो होतो. तुझी आई चुलीपाशी कोंबडी तळत होती, मी टेबलाशी दौत आणि टाक घेऊन बसले होते आणि तू माझ्या मांडीवर. एकेक कागद लिहून झाला की मी तो तुझ्यापुढे सरकवायचे. तू त्यावर टीपकागद ठेवून दोन्ही तळहातांनी दाबायचीस आणि म्हणायचीस, "आणखी!" तुझ्या पिवळ्या झग्यावर शाई सांडली तेव्हा ओडेट ओरडली, "क्लो, हिचा मिस्सेचा झगा आहे तो!" तू मात्र मान वर न करता म्हणालीस, "आई, आम्ही काम करतोय."

ती दुपार गेल्या दोन दिवसांत मला सारखी आठवते आहे. कारण तुझी चिठ्ठी.

राखेच्या बुधवारी चर्चमधून परत आले तर ती दारात पडलेली. कपाळावरची राख तशीच होती आणि मी उभ्या उभ्या वाचली. "मावशी, मला एक छानसं राजीनामापत्र लिहून दे. तुझ्याइतकं गोड कुणालाच लिहिता येत नाही. पंधरा एप्रिलपर्यंत द्यायचं आहे." नऊ वर्षं शिकवलंस आणि तीन ओळींत आटोपलंस!

माझ्या उजव्या हाताचं बोट दुखतंय, त्यामुळे पत्र लगेच होणार नाही. तोवर काय झालं ते लिही. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू "सगळं ठीक" म्हणतेस. कागदावर तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही.

या उपासकाळात चर्चच्या नेमाबाहेरचे दोन उपास मीही करते आहे: गोड नाही आणि कुरकुर नाही. दुसरा जड जातोय.

तुझी,
क्लो मावशी


एल्डर रिज
६ मार्च

प्रिय मावशी,

तुझं बोट दर उपासकाळात दुखतं, हे मला माहीत आहे. बरं, ऐक.

आमच्या शाळेत सदतीस शिक्षक. त्यात काळी मी एकटी. मी आले तेव्हा तिघी होतो. पहिली दोनच वर्षांत गेली, दुसरी गेल्या जूनमध्ये. जाताना ती माझ्या हातात आपल्या कुंड्या देऊन म्हणाली, "आता खुर्ची तुझ्याकडे येईल हं." मला वाटलं, ती तिच्या टेबलामागची चांगली खुर्ची म्हणतेय.

ती खुर्ची वेगळीच निघाली. माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीजवळ एक जुनी लाकडी खुर्ची आहे. शाळेतल्या कुठल्याही वर्गात आपल्यातलं एखादं पोर वळवळलं, बोललं, हसलं, रडलं, की त्याच्या बाई एक चिठ्ठी लिहितात आणि त्याला माझ्याकडे धाडतात. "गिलरीबाई, याला जरा बसवा." पोर येऊन खुर्चीत बसतं. माझा अपूर्णांकांचा धडा तिथेच थांबतो. कधी एका वेळी तिघं येतात. मग खुर्चीत एक आणि जमिनीवर दोन.

मी कधी विचारलं तर म्हणतात, "अगं, तुझं कसं ऐकतात ते!" ऐकतात कारण मी त्यांना पाणी देते आणि नाव विचारते.

डेसिरे नावाची एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. गणित करताना ती गुणगुणते. तिच्या आजीच्या चर्चमधली चाल. एवढ्याच गुन्ह्यासाठी ती माझ्याकडे चौदा वेळा आली. चिठ्ठीवर एकच शब्द: "गुणगुणते." मी सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात टाकते. का टाकते ते मलाही माहीत नाही. सप्टेंबरपासून दोनशे सहा झाल्या.

आता पुढचं. या वर्षी माझा वर्ग तपासायला तीनदा माणसं आली. तिन्ही वेळा मागे परकी पोरं होती. शेरा: "वर्गावर पुरेसं लक्ष नाही." मग मुख्याध्यापक हॅस्केलसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, "गिलरीबाई, तुम्हाला देवाची देणगी आहे. ती वर्गात वाया जाते आहे. पुढच्या वर्षी तुम्ही शिस्त-मार्गदर्शक व्हा." खोली दाखवायलाही नेलं. बॉयलरशेजारी, दोन खुर्च्या आणि एक खिडकी. मावशी, तिथे फळा नाही. मी विचारलं, "फळा?" तर म्हणाले, "तुम्हाला आता शिकवायचं कुठे आहे?"

नको असेल तर माझा करार पुढे चालणार नाही. पण "सन्मानाने" राजीनामा दिला तर चांगलं शिफारसपत्र देतील. विमा कंपनीत माझी मैत्रीण आहे, ती जागा बघते आहे.

मी थकले गं. मला भांडायचं नाही. फक्त नीट निघून जायचं आहे. तुझ्या हातचं एक पत्र दे, म्हणजे निदान जाताना तरी रुबाबात जाईन.

तुझी,
जेनेल


सेंट ऑडील
१२ मार्च

प्रिय जेनेल,

"सन्मानाने." हा शब्द तुझ्या पत्रात वाचला आणि माझ्या हातातला कप बशीत जरा जोरातच ठेवला गेला.

पत्र मी लिहिणार नाही. बोटाचा संबंध नाही.

लहानपणी शाळेत सिस्टर पर्पेचुआ आम्हाला सांगायच्या, "मुलींनो, वळणदार अक्षर म्हणजे वळण लागलेलं मन." माझं अक्षर त्या इतर मुलींना दाखवायच्या. मला त्याचा फार अभिमान होता. या वयात मला वाटतं, मनाला वळण कोण लावतंय तेही बघायला हवं होतं.

तू चिठ्ठ्या फेकू नकोस. तारखेप्रमाणे लावून ठेव. सही करू नकोस. बाळ, टिकून राहावं लागतं. सत्तरनंतर गोऱ्यांच्या आणि आपल्या त्या एक झालेल्या शाळेत मी सत्तावीस वर्षं टिकले, तेव्हा कुठे गेल्या वर्षी निवृत्त झाले. टिकणं हेच आपलं उत्तर असतं.

तुझी,
क्लो मावशी


एल्डर रिज
१९ मार्च

मावशी,

तू टिकलीस. कारण तुला टिकवलं.

हे मी कधी बोलले नसते, पण तूच विषय काढलास. सत्तरमध्ये कोर्टाच्या हुकमाने गोऱ्यांची आणि आपली शाळा एक झाली तेव्हा बायू रोडच्या आपल्या शाळेत बारा शिक्षक होते. नव्या शाळेत एकटी तू गेलीस. आई नाही. माझ्या आईकडे पदवी होती, सुवर्णपदक होतं आणि आठ वर्षांचा अनुभव होता. तिने उरलेला जन्म हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात काढला. इस्त्री करताना ती वाफेतून मला पाढे म्हणायला लावायची. मी विचारायचे, "आई, तू शाळेत का जात नाहीस?" ती म्हणायची, "शाळा लहान झाली, आम्ही उरलो." आणि तुझ्याबद्दल म्हणायची, "क्लोला निवडलं, तिचं अक्षर चांगलं."

तेव्हा निवडलेल्यांनी न निवडलेल्यांना टिकण्याचे धडे देऊ नयेत. मी माझं पत्र मीच लिहीन. १४ एप्रिलला संध्याकाळी शाळामंडळाची सभा आहे. त्यात माझ्या जागेचा विषय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र देईन.

तुझ्या बोटाला आराम पडो.

जेनेल


सेंट ऑडील
२९ मार्च

माझ्या जेनेल,

दहा दिवस मी उत्तर दिलं नाही. त्यातले सात दिवस मी लोकांच्या दारात गेले. ते शेवटी सांगते. आधी टीपकागद.

त्या रविवारी तू जे कागद टिपत होतीस ती राजीनामापत्रं होती. बारा. एक माझं आणि अकरा इतरांची. आठवं तुझ्या आईचं.

आदल्या शुक्रवारी शिक्षणाधिकारी प्रुएटसाहेब माझ्या घरी आले होते. गोरा साहेब आमच्या ओसरीवर, टोपी हातात घेऊन! मी त्यांना चिकोरी घातलेली कॉफी दिली आणि लोण्याचा केक दिला, दोन तुकडे. ते म्हणाले, "मिस नार्सिस, दोन्ही शाळा एक होताहेत. हुकमाने काढलं तर माणसाच्या कागदावर डाग राहतो. तुमच्या लोकांनी सन्मानाने राजीनामे दिले तर ऑगस्टमध्ये पहिली हाक त्यांनाच. तुम्ही सिस्टरांच्या शाळेतल्या. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि शब्दही. तुम्हीच सगळ्यांची लिहून द्या ना."

आणि मला आनंद झाला, जेनेल. तेच मला आजवर कुणापुढे म्हणता आलं नाही. मला आनंद झाला की माझ्या अक्षराचा कुणाला तरी उपयोग आहे. सिस्टरांनी शिकवलं होतं, मोठ्यांनी सभ्यपणे मागितलं की सभ्यपणे द्यावं. मी शनिवारी घरोघर जाऊन सगळ्यांना समजावलं. "ऑगस्टमध्ये हाक येईल." रविवारी लिहिलं. तू टिपलंस. "आणखी," म्हणालीस, आणि मी आणखी लिहिलं.

सोमवारी मी सह्या झालेली बारा पत्रं घेऊन त्यांच्या कचेरीत गेले. त्यांनी अकरा ठेवली आणि माझं परत दिलं. म्हणाले, "तुमचं राहू द्या." मला कळलं नाही. ऑगस्टमध्ये कळलं. अकरा जणांना हाक आलीच नाही. विचारायला गेले तर, "तुम्हीच तर राजीनामा दिला होता ना, इतक्या सुंदर शब्दांत?" मला हाक आली. पहिली सहा वर्षं मला वर्ग दिला नाही. कचेरीत बसवून गोऱ्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर सोनेरी शाईने नावं लिहून घेतली. मग तिसरीचा वर्ग मिळाला.

तर मला निवडलं होतं ते असं.

तुझ्या आईला हे सगळं माहीत होतं. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी मी तिच्या पायाशी बसून रडले. तिने मला धरून उठवलं. मग म्हणाली, "माझ्या नावातला 'ओ' मात्र सुरेख काढला होतास." तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी जगले असते गं सुखाने. तिने तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला एकच मावशी होती.

आता दारोदार. अकरांपैकी सहा जणी अजून आहेत. मी प्रत्येकीकडे गेले, प्रत्येकीपुढे उभी राहून सगळं सांगितलं. झेनोबिया प्येरबाई आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या भेंड्या चिरत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "क्लो, अठ्ठावीस वर्षं हे पोटात घेऊन फिरलीस? बाई, लिहिलं तू, पण सह्या आम्ही केल्या. आम्हाला काय हात नव्हते?"

मी म्हटलं, "पण मी समजावलं होतं."

"समजावलंस आणि आम्ही समजलो. बारा शिकलेली माणसं आणि एकाने विचारलं नाही की बाबा, हे लेखी दे म्हणून. चल, सुरी घे, भेंड्या चीर. आणि ओडेटच्या पोरीचं काय म्हणालीस? कुठली खुर्ची?"

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. "फळा नाही" इथे त्यांनी सुरी खाली ठेवली.

"सभा कधी आहे?" त्या म्हणाल्या.

बाकी पाचजणींनीही हेच विचारलं. म्हणून मीही विचारते. किती वाजता? तिथे बाहेरच्यांना बोलू देतात का? किती वेळ? फादरनी चर्चची गाडी द्यायचं कबूल केलं आहे.

तुला हे पत्र फाडायचं असेल तर फाड. पण आधी वेळ कळव.

तुझी,
क्लो


एल्डर रिज
४ एप्रिल

क्लो मावशी,

फाडलं नाही. तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा तुझा राग आला, तिसऱ्यांदा प्रुएटने खाल्लेल्या केकचा.

आईच्या 'ओ'बद्दल ऐकून मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. मला वाटायचं, ती सोडून गेली म्हणून मलाही सोडायला हरकत नाही. ती सोडून गेलीच नव्हती.

सभा सहा वाजता. कुणालाही बोलता येतं. दुपारी बारापर्यंत कचेरीतल्या कागदावर नाव घालायचं. प्रत्येकी तीन मिनिटं, मग घंटी वाजते. आपला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. कुणाही कर्मचाऱ्याचं किंवा मुलाचं नाव घ्यायचं नाही. आणि ज्याचा विषय असेल त्या कर्मचाऱ्याने बाहेर बसायचं, म्हणजे मी व्हरांड्यात.

बिस्किटांचा डबा वेगळ्या टपालाने पाठवते आहे. तारखेप्रमाणे लावलंय, तू सांगितलंस तसं. आता दोनशे अकरा आहेत. काल पुन्हा डेसिरे आली होती. तिला विचारलं, "आज काय केलंस?" ती म्हणाली, "बाई, मला कळतच नाही केव्हा सुरू होतं."

राजीनामा लिहून ठेवला आहे. पर्समध्ये आहे. अजून सही नाही.

जेनेल


सेंट ऑडील
१७ एप्रिल

प्रिय जेनेल,

तू व्हरांड्यात होतीस आणि नंतर गाडीपाशी आम्ही सातही जणी एकदम बोलत होतो. तुला काही कळलं असेल असं वाटत नाही. म्हणून क्रमाने लिहिते.

आम्ही सगळ्या पांढऱ्या कपड्यांत होतो, ईस्टरचे कपडे अजून इस्त्रीचे होते. मंडळाचे नऊ जण उंचावर, मधे लाल गालांचे अध्यक्ष. त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, "या सात बाया एकाच विषयावर बोलणार आहेत का? मग एकीनेच बोललं तर?" झेनोबियाबाई उठल्या. "साहेब, वेळ दुसऱ्याला देता येत नाही असा तुमचाच नियम आहे. आम्ही नियम पाळणाऱ्या बाया आहोत. आयुष्यभर पाळलेत."

मग त्यांनी डब्यातून पहिली चिठ्ठी काढली आणि चष्मा लावून वर्गात हजेरी घेतात तसं वाचलं. नाव नाही, नुसती तारीख आणि कारण. "आठ सप्टेंबर. बाकावर वळवळतो. आठ सप्टेंबर, दुपारी. जोरात हसला. नऊ सप्टेंबर. गुणगुणते. नऊ सप्टेंबर. खिडकीबाहेर बघतो. दहा सप्टेंबर. रडतो, कारण सांगत नाही." घंटी वाजली. अध्यक्ष म्हणाले, "तुमची वेळ संपली."

"माझी संपली बाळा, हिची सुरू झाली," म्हणून त्यांनी डबा थिओडोरा लेजूनबाईंकडे दिला. त्यांनी पुढचीच चिठ्ठी उचलली. "दोन ऑक्टोबर. गुणगुणते."

असं एकीकडून दुसरीकडे. कुणी भाषण केलं नाही, कुणी एक शब्द वरचा बोलली नाही. सभागृहात आधी कुजबुज होती, ती थांबली. एक गोरी बाई होती पुढच्या रांगेत, आपल्या मुलाला घेऊन आलेली. तिने हळूच शेजारणीला विचारलं, "हा एकाच वर्षाचा डबा आहे?"

चौथ्या बाई वाचत होत्या. "वीस जानेवारी. गुणगुणते." आणि तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला. अगदी हलका. मी वळून पाहिलं तर एक म्हातारी, जांभळी टोपी, डोळे मिटलेले. ती गुणगुणत होती. पुढच्या वेळी तो शब्द आला तेव्हा आणखी दोघी तिच्याबरोबर. पाचव्या बाईंच्या वेळी अर्धी खोली गुणगुणत होती, गोरी माणसंसुद्धा, चाल माहीत नसलेलीसुद्धा. व्हरांड्यात तू ऐकलंस ते हेच. ती डेसिरेची आजी होती, हे मला नंतर कळलं.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. "गुणगुणू नका! इथे गुणगुणायला परवानगी नाही!"

झेनोबियाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मग साहेब, आता आम्हाला कुणाकडे पाठवणार?"

आधी कुणीच हसलं नाही. मग मंडळातल्याच एका बाईंना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर कागद धरला. हॅस्केलसाहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

माझी पाळी शेवटची. चिठ्ठ्या सहाव्या बाईंपाशीच संपल्या होत्या. मी म्हटलं, "सत्तर साली मी अकरा शिक्षकांची राजीनामापत्रं लिहिली, कारण एका साहेबांनी मला सांगितलं की सन्मानाने जावं. त्या अकरांतल्या सहा जणी इथे बसल्या आहेत. त्यांच्यानंतर या जिल्ह्यांतल्या शाळांना काळे शिक्षक मिळत नाहीत म्हणून सगळे तक्रार करतात. मिळतात हो. तुम्ही त्यांना मागच्या भिंतीजवळच्या खुर्चीपाशी उभं करता आणि ते उभे राहून थकतात. माझ्याकडे परवा कुणीतरी पुन्हा एक पत्र लिहून मागितलं. ते मी लिहून आणलं आहे."

मी कागद उलगडला. तुझ्या हुकमानुसार, सर्वांत सुंदर अक्षर. एकच ओळ: "आम्ही राजीनामा देत नाही." खाली सात सह्या. मी तो चिटणिसांच्या हातात दिला आणि म्हटलं, "दप्तरी लावा. टिपून आणलाय, शाई लागणार नाही."

आणि घंटी वाजायला अजून वेळ होता. उरलेला वेळ मी नुसती उभी राहिले. सिस्टर पर्पेचुआ असत्या तर म्हणाल्या असत्या, क्लोटिल्ड, उद्धटपणा. हो सिस्टर.

पर्समधल्या कागदाचं काय केलंस?

तुझी,
क्लो मावशी


एल्डर रिज
८ मे

प्रिय मावशी,

पर्समधला कागद त्याच संध्याकाळी व्हरांड्यातल्या कचऱ्याच्या डब्यात गेला. गुणगुणणं ऐकलं तेव्हाच. मला वाटलं, आत कुणाचं तरी लग्न लागलंय की काय.

एप्रिलच्या शेवटी मंडळाचं पत्र आलं. बॉयलरशेजारची खोली रद्द. माझा करार पुढे, माझा पाचवीचा वर्ग माझ्याकडे. कुठल्याही मुलाला दुसऱ्याच्या वर्गात धाडायचं नाही. धाडायचंच असेल तर मुख्याध्यापकांकडे, आणि आईवडिलांना त्याच दिवशी फोन. एका आठवड्यात एकही पोर धाडलं गेलं नाही. बघ, फोन करावा लागला की सगळ्यांचं वळवळणं आपोआप बरं होतं.

मी एवढ्यावर थांबले नाही. तुझीच भाची. मी हॅस्केलसाहेबांना लिहून दिलं की मी एकटी राहणार नाही. दोन जागा रिकाम्या आहेत, मुलाखतीला मी बसणार, आणि नव्या बाईंना पहिलं वर्ष आठवड्यातून एक तास माझ्याबरोबर द्यायचा, तोही शाळेच्या वेळात. ते म्हणाले, "ही मागणी आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, हे टिकणं आहे." एक जागा भरली. टमार ब्रुसार्ड, तेवीस वर्षांची, तुमच्याच बाजूची. मुलाखतीत तिने मलाच विचारलं, "इथे किती वर्षं टिकता येतं?" मी तिला डब्याची गोष्ट सांगितली.

सगळं गोड नाही हं. जेवणाच्या खोलीत तिघी माझ्याशी बोलत नाहीत. हॅस्केलसाहेब मला आता "देणगी" म्हणत नाहीत, नुसतं "गिलरीबाई" म्हणतात. मला चालतं.

आणि डेसिरे आपल्याच वर्गात गुणगुणते. परवा तिच्या बाई तास संपवून बाहेर आल्या त्या तीच चाल गुणगुणत. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी चिठ्ठी लिहिली नाही.

शिपाई विचारतोय, त्या खुर्चीचं काय करायचं?

तुझी,
जेनेल


सेंट ऑडील
२० मे

माझ्या लाडक्या जेनेल,

मी मरत नाहीये, आधीच सांगते. नुसतं कपाट आवरते आहे. पण आवरताना हातात येतं ते कुणाचं आहे हे आत्ताच ठरवलेलं बरं. शनिवारी झेनोबियाबाईंचा नातू गाडी घेऊन तुझ्याकडे येईल, त्याच्याबरोबर पाठवते. नीट वाटून दे.

माझा टाक आणि सिस्टर पर्पेचुआंनी दिलेली दौत टमार ब्रुसार्डला. तिला सांग, फळ्यावर अक्षर कसंही काढ, पण सही करताना आधी दोनदा वाच.

सोनेरी शाईची उरलेली बाटली डेसिरेला. ती शाई सहा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या नावांसाठी वापरली. आता तिने तिचं नाव लिहावं, पाहिजे तेवढं मोठं. सांडली तरी चालेल.

तिच्या आजीला माझी पांढरी टोपी. मी जांभळीच घालते म्हणाली तर म्हणावं, दर रविवारी जांभळीच घालायला हवी असं कुठे आहे?

बिस्किटांचा डबा चिठ्ठ्यांसकट शाळेच्या ग्रंथालयाला. नको म्हणाले तर तुझ्या वर्गाच्या पुस्तकांच्या फळीवर, हाताशी. रिकामा करू नकोस.

लोण्याच्या केकची कृती तुला. प्रुएटसाहेबांना दोन तुकडे दिले होते, तो माझा शेवटचा मूर्खपणा. तू तो फक्त माणसांना खायला घाल.

तुझ्या आईचं सुवर्णपदक माझ्याकडे होतं. तिने ते मला सांभाळायला दिलं होतं, की धुलाईघराच्या वाफेत काळं पडेल म्हणून. तेही तुला. टेबलाच्या खणात नको, भिंतीवर, मुलांना दिसेल असं.

टीपकागदही तुलाच. अठ्ठावीस वर्षं मी तो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला होता. त्यावर अकरांची नावं उलटी उमटली आहेत, आणि कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा ठसा. आरशापुढे धरलास तर आईचा 'ओ' दिसेल. सुरेखच होता गं.

आणि बारावं पत्र, प्रुएटसाहेबांनी परत दिलेलं, माझ्या स्वतःच्या राजीनाम्याचं. तू माझ्याकडे जे मागितलं होतंस ते हेच: सुंदर अक्षर, गोड शब्द, रुबाब. ते टमार आल्यावर तुम्ही दोघी मिळून फाडा. तुमच्या मुलांना म्हणावं, तुकडे मोजा, अपूर्णांक होतील.

खुर्ची मला. त्याच गाडीतून परत पाठव. मी ती ओसरीवर ठेवणार आहे, कॉफीच्या टेबलापाशी. पुन्हा कुणी टोपी हातात घेऊन सभ्य शब्द मागायला आलं, तर त्याला तिच्यावर बसवीन, आणि उठ म्हणेपर्यंत उठू देणार नाही.

तुझी,
क्लो मावशी